ठरलेल्या शब्दांची सोबत

पुस्तक हातात धरून, त्यातले छापील शब्द म्हणत केलेली प्रार्थना मनापासूनची असू शकते का? हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करणाऱ्या इतर मंडळ्यांतल्या मैत्रिणींनी विचारला, नर्सिंगच्या वसतिगृहातल्या मुलींनी विचारला, आणि आता माझ्या भाच्याही विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून जे अनुभवलं तेच सांगणं मला योग्य वाटतं.

आमचं घराणं पुण्याचं, अँग्लिकन मिशनच्या मंडळीतलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा मी शाळेत होते. चर्चच्या पाटीवरचं नाव बदललं, पण सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आमच्या घरात तशीच चालू राहिली. पुढे मी नर्स झाले. बहुतेक नोकरी प्रसूतिकक्षात आणि अपघात विभागात गेली. या साऱ्या काळात प्रार्थनापुस्तकाने मला जे शिकवलं, ते इथे क्रमाने मांडते.

१. मन लागो न लागो, वेळ पाळावी

मध्ययुगीन मठांतले साधू दिवसा-रात्री मिळून सात-आठ वेळा प्रार्थनेला जमत. शेतकऱ्याला, शिंप्याला, लेकुरवाळ्या बाईला ते कुठून जमणार? १५४९ साली कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी इंग्रजीतलं पहिलं प्रार्थनापुस्तक सिद्ध केलं, तेव्हा या साऱ्या वेळांच्या त्यांनी दोनच केल्या, सकाळ आणि संध्याकाळ. आणि ती प्रार्थना लॅटिनमधून काढून लोकांच्या बोलीत आणली. मठातली साधना त्यामुळे संसारी माणसाच्या आवाक्यात आली.

रात्रपाळी संपवून घरी आल्यावर डोळ्यांवर झोप असे, अंगाला औषधांचा वास असे, आणि देवाशी बोलायला एक वाक्यही सुचत नसे. अशा वेळी स्वतःच्या शब्दांवर अवलंबून राहिले असते, तर माझी प्रार्थना केव्हाच बंद पडली असती. स्तोत्र, शास्त्रपाठ, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना हा क्रम ठरलेला होता. मला फक्त हजर राहायचं होतं. कित्येकदा भावना मागून आली, कित्येकदा आलीच नाही. तरी प्रार्थना झाली, हे आज ठामपणे सांगते. प्रेम हे रोज उमाळ्याने सिद्ध करावं लागत नाही, वेळेवर हजर राहण्यानेही ते सिद्ध होतं.

२. स्तोत्रं निवडू नयेत, येतील तशी म्हणावीत

प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रांचे साठ भाग केले आहेत. तीस दिवस, रोज सकाळी एक भाग आणि संध्याकाळी एक. महिना संपला की स्तोत्रसंहिता पुरी होते, आणि एक तारखेला पुन्हा पहिल्या स्तोत्रापासून सुरुवात. एकतिसावा दिवस असेल तर तिसाव्या दिवसाची स्तोत्रं परत म्हणायची.

या मांडणीत निवडीला जागाच नाही, आणि हाच तिचा मोठा गुण. आपल्यावर सोडलं असतं तर आपण मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र रोज म्हटलं असतं आणि अठ्ठ्याऐंशीव्याकडे कधी फिरकलो नसतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही. ते दर महिन्याच्या सतरा तारखेला सकाळी येतं. अशा कित्येक सकाळी मी स्वतः आनंदात होते. मग हळूहळू उमगलं की त्या दिवशी ते स्तोत्र माझ्यासाठी नव्हतंच. वॉर्डमध्ये रिकाम्या पाळण्याकडे बघत पडलेल्या बाईला जे बोलता येत नव्हतं, ते मी तिच्या वतीने बोलत होते.

चार तारखेच्या संध्याकाळी बाविसावं आणि तेविसावं स्तोत्र लागोपाठ येतात. येशूने वधस्तंभावर ज्या स्तोत्राने टाहो फोडला ते बाविसावं, आणि लगेच त्यानंतर हिरव्या कुरणांचं तेविसावं. हा क्रम बायबलचाच, पण दोन्ही एका बैठकीत म्हटल्यावर कळतं की आक्रोश आणि भरवसा एकाच तोंडून निघू शकतात. एकशे एकोणिसावं स्तोत्र एकशे शहात्तर ओव्यांचं, ते चोवीस तारखेच्या संध्याकाळपासून सव्वीसच्या संध्याकाळपर्यंत चालतं. त्या दिवसांत फारसा रस येत नाही, पण चिकाटी येते.

अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळी एकशे सदतिसावं स्तोत्र येतं. त्याचा शेवट शत्रूच्या लेकरांबद्दल इतका कठोर आहे की १९२८ साली इंग्लंडमध्ये जे सुधारित पुस्तक मांडलं गेलं, त्यात अशा ओव्या कंसात टाकून वगळायची मुभा दिली होती. मी त्या वगळत नाही. मारहाण होऊन अपघात विभागात आलेल्या बायकांच्या तोंडी मी तसेच शब्द ऐकले आहेत. तो संताप देवासमोर ठेवायची सोय शास्त्राने केली आहे, तर मी ती बंद का करावी?

३. रोजच्या संध्याकाळी जन्म आणि मरण दोन्ही असावीत

संध्याकाळच्या प्रार्थनेत लूकच्या शुभवर्तमानातली दोन गीतं आहेत. पहिलं मरीयेचं. पोटात बाळ असलेली ती तरुण मुलगी गर्विष्ठांना खाली ओढणाऱ्या आणि भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाचा जयजयकार करते. दुसरं शिमोनाचं. येशू बाळाला हातात घेऊन तो म्हातारा जगाचा शांतपणे निरोप मागतो. मठांत मरीयेचं गीत संध्याकाळच्या उपासनेत होतं आणि शिमोनाचं झोपण्याआधीच्या उपासनेत. क्रॅन्मरनी या दोन उपासना एक केल्या आणि दोन्ही गीतं शेजारी आली.

ज्या इस्पितळात पहिल्या मजल्यावर बाळंतिणी आणि तळमजल्यावर अखेरचे रुग्ण असतात, तिथे काम केलेल्या बाईला या शेजाराचं मोल कुणी समजावून सांगावं लागत नाही. तान्हं मूल दोन्ही गीतांत आहे. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला दोघांनाही त्याच मुलाचा आधार आहे.

४. कबुली आधी, बाकीचं नंतर

१५५२ सालच्या सुधारित पुस्तकात सकाळच्या प्रार्थनेच्या आरंभीच सगळ्या मंडळीची पापकबुली घातली गेली. देवाची स्तुती करण्याआधी खरं बोलायचं, अशी ही शिस्त. त्या कबुलीत दोन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ती अनेकवचनात आहे. पापी फक्त मीच असं नाही, आणि फक्त शेजारी तर नाहीच. दुसरी, करायचं राहून गेलेलं आधी कबूल होतं, आणि नको ते केलेलं त्यानंतर.

नर्सच्या मनावर राहून गेलेल्याचं ओझं मोठं असतं. एखादं बाळ हाती लागत नाही. त्यात कुणाचीही चूक नसते, सगळ्यांनी शर्थ केलेली असते, तरी मन आतून कुरतडत राहतं. ते ओझं घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर उभं राहायचं असेल, तर ते कुठेतरी उतरवावं लागतं. कबुलीनंतर लगेच पाळक पापक्षमा जाहीर करतात. ती ऐकायची, मानायची आणि पुढे जायचं. तेच तेच उगाळत बसायला पुस्तक वेळ देत नाही, कारण लगेच स्तोत्र सुरू होतं.

हे शब्द घडवणारे क्रॅन्मर स्वतः कसे गेले, हे आठवतं तेव्हा मला या कबुलीचं वजन जास्त जाणवतं. राणी मेरीच्या राज्यात कैदेत असताना त्यांनी आपली मतं मागे घेतल्याच्या कागदांवर सह्या केल्या. २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांना जाळलं गेलं. त्या दिवशी त्यांनी सर्वांसमोर त्या सह्या नाकारल्या आणि ज्या उजव्या हाताने सही केली, तो हात पहिल्यांदा ज्वाळेत धरला. कबुली त्यांनी लिहिली, आणि ती जगूनही दाखवली.

५. थोडक्यात मागावं

प्रत्येक रविवारची आणि सणाची एक छोटी प्रार्थना असते, तिला कलेक्ट म्हणतात. यातल्या बऱ्याचशा प्रार्थना जुन्या लॅटिन उपासनाग्रंथांतून आलेल्या. तिची घडण ठरलेली आहे. देवाला हाक मारायची, तो कसा आहे किंवा त्याने काय केलं ते सांगायचं, एकच गोष्ट मागायची, ती कशासाठी ते सांगायचं आणि ख्रिस्ताच्या नावाने थांबायचं. सगळं मिळून बहुधा एका वाक्यात.

ही घडण अंगात मुरली की स्वतःची प्रार्थनाही नेमकी होते. कळा देणाऱ्या बाईजवळ उभी असताना मी मनात म्हणत असे: हे देवा, तू एका आईच्या कुशीतून या जगात आलास, या बाईला आता बळ दे, म्हणजे ती आपलं बाळ छातीशी धरून तुझे उपकार मानील, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या द्वारे, आमेन. एवढ्याला दोन श्वास पुरतात, आणि हात कामाला मोकळे राहतात. ठरलेल्या शब्दांनी माझे स्वतःचे शब्द कोंडून टाकले नाहीत, उलट ते मला शिकवले.

६. प्रार्थनेत अनोळखी माणसं हवीत

प्रार्थनापुस्तकाच्याही आधी, १५४४ साली, क्रॅन्मरनी इंग्रजीत लिटनी तयार केली. राजा आठवा हेन्री फ्रान्सवर स्वारीला निघाला होता तेव्हाची ही गोष्ट. एकाने एकेक विनंती म्हणायची आणि सगळ्या मंडळीने उत्तर द्यायचं, असं तिचं स्वरूप. प्रार्थनापुस्तकाच्या १६६२ च्या आवृत्तीने ती रविवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी म्हणायला सांगितली आहे.

त्या यादीत कोण कोण आहे ते एकदा नीट वाचावं. जमिनीवरून आणि पाण्यावरून प्रवास करणारे आहेत, आजारी आणि लहान मुलं आहेत, कैदी आहेत, अनाथ आणि विधवा आहेत, एकटे पडलेले आणि गांजलेले आहेत. प्रसूतीच्या वेदनांत असलेल्या बायका आहेत. आपले वैरी आणि आपली निंदा करणारेही आहेत. त्यांना क्षमा कर आणि त्यांची मनं पालट, असं त्यांच्यासाठी मागितलं आहे.

प्रसूतिकक्षातल्या माझ्या नोकरीत प्रसूतीच्या वेदनांतल्या बायकांची ओळ मला फार मोठा आधार होती. पहाटे माझ्यासमोर जी बाई तळमळत होती, तिचं नाव ठाऊक नसलेली माणसं कुठकुठल्या गावी, कुठल्या कुठल्या भाषेत तिच्यासाठी प्रार्थना करत आली होती. ती हिंदू असो, मुसलमान असो, बौद्ध असो, लिटनीने कधी अट घातली नाही. त्याच लिटनीत अचानक येणाऱ्या मरणापासून सोडव अशी विनंती आहे. आज बरेच लोक म्हणतात की झोपेत, कळायच्या आत मरण यावं. अपघात विभागात मी अचानक आलेली मरणं पाहिली आहेत, आणि निरोप घेता न आलेले नातेवाईकही पाहिले आहेत. जुन्या लोकांनी ही विनंती का घातली, हे मला तिथे कळलं.

आपण आपल्यापुरतं मागायला लागलो की यादी लवकर संपते. लिटनीची यादी लांब आहे, कारण ती मंडळीची आहे.

७. वर्षाला हिरवे महिनेही लागतात

उपासनेचं वर्ष नाताळच्या आधीच्या आगमनकाळापासून सुरू होतं. आगमनकाळाचा आणि लेंटचा रंग जांभळा, नाताळ आणि ईस्टरचा पांढरा, पेंटेकॉस्टचा लाल. लेंट भस्म बुधवारी सुरू होतो, गुड फ्रायडेला आपण ख्रिस्ताच्या मरणापाशी बसतो, आणि ईस्टरला उठतो. या सणांबद्दल सगळेच बोलतात.

मला मोल वाटतं ते नंतरच्या साध्या काळाचं. त्रैक्याचा रविवार १७ मे ते २० जून यांच्या दरम्यान येतो. तिथपासून आगमनकाळापर्यंत जवळजवळ अर्धं वर्ष एकही मोठा सण नाही. प्रार्थनापुस्तक फक्त मोजत जातं, त्रैक्यानंतरचा पहिला रविवार, दुसरा, तिसरा. वेदीवरचं वस्त्र हिरवं राहतं. आपल्याकडे याच सुमाराला पाऊस लागतो, आणि बाहेरची जमीनही तोच रंग धरते. या महिन्यांत सणाचा उत्साह नसतो, पाहुणे नसतात, नवे कपडे नसतात. शुभवर्तमानातल्या शिकवणीचा एकेक तुकडा येतो, तो ऐकायचा आणि आठवडाभर पाळायचा. विश्वास खरा वाढतो तो याच दिवसांत, असं मला दिसून आलं आहे. नाताळला चर्च भरतं, याचा मला आनंद आहे. पण ऑगस्टमधल्या एखाद्या भिजलेल्या रविवारी जो येतो, तो मंडळीचा कणा असतो.

८. आजाऱ्याला प्रभुभोजन एकट्याला देऊ नये

१६६२ च्या पुस्तकात आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन देण्याचा विधी आहे. त्यात एक सूचना आहे की आजाऱ्यासोबत आणखी तिघांनी, निदान दोघांनी तरी भाकर आणि द्राक्षारस घ्यावा. कारण तो पंक्तीचा विधी आहे, औषधाची मात्रा नाही. आमचे जुने पाळक इस्पितळात येत तेव्हा नातेवाईक जवळ नसले तर मला हाक मारीत. त्या खाटेजवळ उभं राहून मी कितीतरी अनोळखी माणसांबरोबर प्रभूच्या मेजाला बसले आहे. आजारात माणसाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटत असेल तर ती आपण वेगळे पडलो याची. त्या सूचनेने ही भीती ओळखली होती.

त्याच विधीत साथीच्या काळाचाही विचार आहे. संसर्गाच्या भयाने शेजारी येत नसतील, तर रुग्णाच्या खास विनंतीवरून एकट्या पाळकाने त्याच्यासोबत प्रभुभोजन घ्यायची मुभा तिथे दिली आहे. म्हणजे सगळे दूर गेले तरी एकाला जवळ राहता येतं. आणि ज्याला तोंडाने काही घेताच येत नाही, त्याच्यासाठीही शब्द आहेत. त्याने खरा पश्चात्ताप केला असेल, ख्रिस्तावर भरवसा ठेवला असेल आणि उपकार मानले असतील, तर त्याला ते भोजन मिळालंच असं त्याला सांगायचं. कोविडच्या काळात चर्च बंद होती आणि माझ्या ओळखीची माणसं काचेपलीकडे होती. त्या दिवसांत ही जुनी सूचना मी त्यांच्या घरच्यांना फोनवरून समजावून सांगितली. प्लेगच्या आठवणी असलेल्या पिढ्यांनी लिहिलेल्या ओळी आमच्या उपयोगाला आल्या.

९. ठेवा परका असला तरी गळा आपला हवा

इंग्लंडमधल्या कथीड्रलांत संध्याकाळची प्रार्थना गायकवृंद गातो. १९२६ पासून बीबीसी रेडिओ ती ऐकवत आलं आहे. मी ती मोबाइलवर ऐकते, आणि नुसतं ऐकणं हीदेखील प्रार्थना असते हे त्यातून शिकले. पण माझं मन मोकळं होतं ते पेटी-तबल्यावर म्हटलेल्या मराठी भजनाने.

हे ओळखणारे इंग्रजही होते. जॅक विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी अहमदनगर भागात काम करत होते. भारतीय मनाला रुचेल असा प्रभुभोजनाचा विधी कसा असावा यावर त्यांचं पुस्तक १९२० साली निघालं. १९२२ साली त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापला, आणि पुढे त्याचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला उभा राहिला. भारतीय आणि युरोपियन तिथे एकत्र राहत, साधं जेवत, आपल्या पद्धतीने प्रार्थना करत. रेव्हरंड ना. वा. टिळक अमेरिकन मिशनचे, अँग्लिकन नव्हेत. पण त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं ते या विन्स्लोंनीच. टिळकांची पदं आज ‘उपासना संगीता’तून आमच्या साऱ्या मंडळ्यांत गायली जातात, आणि गाताना कोण कुठल्या मिशनचा हे कुणी विचारत नाही.

१०. वाद घालणाऱ्यालाही या मेजावर जागा आहे

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. तिथल्या अँग्लिकन भगिनीसंघाच्या शाखेचं काम तेव्हा पुण्यात चालू होतं. बाईंच्या विचारांना वळण देणाऱ्यांत फादर नेहेम्या गोरे होते. १८४८ साली बाप्तिस्मा घेतलेले हे चित्पावन पंडित अँग्लिकन पाळक झाले होते. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी कुणाच्या स्वाधीन केली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या त्रैक्यापासून चर्चच्या अधिकारापर्यंत सगळ्यावर निर्भीडपणे वाद घालतात. जेराल्डीनबाई दुखावतात, समजावतात, पण पत्रं थांबत नाहीत. पुढे रमाबाई कोणत्याही एका चर्चच्या चौकटीबाहेर राहून केडगावला मुक्तिसदन उभं करतात, आणि साध्या मराठीत बायबलचं भाषांतर पुरं करतात.

हा वाद मला या परंपरेच्या घरातलाच वाटतो. १५५९ सालच्या पुस्तकातली एक गोष्ट पाहा. भाकर हाती देताना काय म्हणायचं, याबद्दल १५४९ आणि १५५२ च्या पुस्तकांत दोन वेगळी वाक्यं होती. एकात हे ख्रिस्ताचं शरीर आहे यावर भर, दुसऱ्यात ख्रिस्ताची आठवण करून विश्वासाने घेण्यावर. या मतभेदापायी माणसं मेली होती. राणी एलिझाबेथच्या काळातल्या या १५५९ च्या पुस्तकात दोन्ही वाक्यं जोडून टाकली आणि पाळक ती दोन्ही म्हणू लागले. दोन्ही मतांचे लोक शेजारी गुडघे टेकून तीच भाकर घेऊ लागले. आधी एकत्र प्रार्थना करा, मग बोलत राहा, ही रीत मला घरातही उपयोगी पडली आणि वॉर्डमध्येही.

११. जे पाठ आहे ते कुणी हिरावू शकत नाही

१६४५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने प्रार्थनापुस्तकावर बंदी घातली. वापरताना सापडलं तर पहिल्या वेळी पाच पौंड दंड, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्या वेळी वर्षभर तुरुंग. १६५७ च्या नाताळला लंडनच्या एक्सेटर चॅपेलमध्ये जॉन एव्हलिन प्रभुभोजनाला गेले होते. सैनिकांनी चॅपेलला वेढा घातला आणि मेजाकडे जाणाऱ्यांवर बंदुका रोखल्या, असं त्यांनी रोजनिशीत नोंदवलं आहे. लोकांनी तरीही प्रभुभोजन घेतलं. १६६२ ला पुस्तक परत आलं, तेव्हा ते मान्य न करणाऱ्या शेकडो पाळकांना आपली पदं सोडावी लागली. हेही सांगायला हवं. बंदी सोसलेल्यांनी इतरांवर सक्ती करावी, हे दुःख या पुस्तकाच्या पदरी आहेच.

पुस्तक काढून घेता येतं, पाठ असलेले शब्द काढून घेता येत नाहीत. माझ्या आईची स्मृती शेवटच्या काळात गेली होती. माझं नाव तिला आठवत नसे. पण मी मरीयेच्या गीताची सुरुवात केली की पुढचं ती म्हणे, अडखळत का होईना, शेवटपर्यंत. तरुण आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे की मुलांकडून निदान प्रभूची प्रार्थना, मतांगीकार, दोन-चार स्तोत्रं आणि ही दोन गीतं पाठ करून घ्या. त्यांना आज अर्थ कळला नाही तरी चालेल. अर्थ आयुष्य सांगेल.

१२. दोघंच आली तरी चर्चचं दार उघडावं

१६६२ च्या पुस्तकाने प्रत्येक पाळकावर एक काम सोपवलं आहे. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना रोज करायची, आणि ती चर्चमध्ये करताना घंटा वाजवायची, म्हणजे ज्यांना यायचं त्यांना येता येईल. घंटेची रीत त्याच्याही आधीची. जॉर्ज हर्बर्ट हे कवी १६३० साली सॉल्सबरीजवळच्या बेमर्टन या लहानशा गावी पाळक झाले आणि तीनच वर्षांत, चाळिशीच्या आत, क्षयाने गेले. त्यांच्या प्रार्थनेची घंटा वाजली की शेतातली माणसं नांगर थांबवत आणि जागच्या जागी देवाचं स्मरण करत, असं त्यांचे चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतात. ती माणसं चर्चमध्ये नव्हती, पण प्रार्थनेत होती.

आमच्या चर्चमध्ये आम्ही काही जणी आठवड्यातून एकदा संध्याकाळची प्रार्थना मराठीत म्हणतो. कधी पाचजणी असतो, कधी दोघी. पाळक मोकळे असतील तर येतात, नसतील तर आमच्यातली एक चालवते. पापक्षमा तेवढी पाळकांनी जाहीर करायची असते, त्या जागी आम्ही क्षमेची एखादी कलेक्ट म्हणतो. हे करायला पैसे लागत नाहीत, माइक लागत नाही, गायकवृंद लागत नाही. एक बायबल, एक प्रार्थनापुस्तक आणि अर्धा तास पुरतो.

माझी सगळ्या मराठी मंडळ्यांना विनंती आहे की आठवड्यातल्या एका तरी संध्याकाळी आपलं चर्च उघडा. कामावरून परतणारी नर्स, परीक्षेला बसलेला मुलगा, नुकतीच विधवा झालेली शेजारीण, यांपैकी कुणाला तरी त्या दिवशी बसायला जागा आणि बोलायला शब्द हवे असतात. जागा आपल्याकडे आहे. शब्द आपल्याला वारशाने मिळाले आहेत. ते त्यांच्यापर्यंत पोचवणं हे आपलं काम आहे, आणि ते याच आठवड्यात सुरू करता येईल.